हत्यार : हक्क की कर्तव्य?

आपल्या विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका निघते आहे, तिच्यात इतिहासावर काहीतरी लिहा, असा कार्यकर्त्यांचा आग्रह झाला. विषय कोणता घ्यावा याचा विचार करीत असताना गेल्या वर्षावासातला एक प्रसंग आठवला. त्या संध्याकाळी ग्रंथवाचन आटोपले होते. सरणत्तय झाले, बायाबापड्या आपापल्या चपला शोधू लागल्या. तेवढ्यात मागे बसलेला एक तरुण उठून म्हणाला, "काका, एक विचारू का? रागावू नका. पेपरात वाचतो, अमक्या गावात आपल्या लोकांवर हल्ला, तमक्या गावात घरं जाळली. अमेरिकेत म्हणे बंदूक ठेवायचा हक्क घटनेतच लिहिलाय. मग बाबासाहेबांनी आपल्या घटनेत तो हक्क का नाही घातला? आपल्या माणसांच्या हातात काहीतरी राहिलं असतं!"

सगळे गप्प झाले. भिंतीला टेकून आमचे हवालदार बाबा बसले होते. महार रेजिमेंटचे पेन्शनर, वय ऐंशीच्या पुढे. ते नुसते हसले. मी काहीतरी थातुरमातुर उत्तर देऊन वेळ मारून नेली, पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. पोरगा वाह्यात नव्हता आणि प्रश्नही वाह्यात नव्हता. ज्या समाजाच्या हातून हत्यार पिढ्यान् पिढ्या काढून घेतले गेले त्या समाजाच्या मुलाने विचारलेला तो प्रश्न होता. त्याचे नीट उत्तर द्यायला इतिहासात थोडे मागे जावे लागते.

काठी हाती, हक्क नाही

चातुर्वर्ण्याच्या व्यवस्थेत हत्यार ही वाटून दिलेली गोष्ट होती. मनुस्मृतीने संकटकाळी शस्त्र धरण्याची मुभा दिली ती द्विजांना. शूद्राच्या वाट्याला सेवा आली आणि त्याच्याही खाली जे होते त्यांचा तर विचारच नको. आता गंमत पहा. गावगाड्यात रात्रीची राखण कोण करीत होते? वेशीवर काठी घेऊन कोण उभा असे? सरकारी खजिना डोक्यावर घेऊन तालुक्याला कोण जाई? महारच! वेसकराची काठी ही त्याची खूण. म्हणजे गावाचे रक्षण करण्याचे कर्तव्य आपल्या आज्या-पणज्यांच्या माथी होते; पण ज्या गावाची राखण करायची त्या गावात राहण्याचा आणि तिथल्या पाणवठ्यावर ओंजळभर पाणी पिण्याचा हक्क नव्हता. कर्तव्य होते, हक्क नव्हता. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण पुढे त्याच्याशी आपली पुन्हा गाठ पडणार आहे.

१९३६ साली बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे निर्मूलन' हे न झालेले भाषण पुस्तकरूपाने छापले. त्यात त्यांनी एक मोठा सवाल टाकला आहे. दुसऱ्या देशांत पिचलेल्या लोकांनी बंडे केली, मग हिंदुस्थानातल्या खालच्या वर्गांनी एवढा छळ मुकाट्याने का सोसला? त्यांचे उत्तर असे, की चातुर्वर्ण्याने या लोकांना बंड करण्याच्या साधनांपासूनच तोडले होते. युरोपातल्या दुबळ्या माणसाला सैन्यात जाण्याची मोकळीक होती, ते त्याचे शारीरिक हत्यार. त्याने सोसलेले हाल हे त्याचे राजकीय हत्यार झाले आणि शिक्षण हे नैतिक हत्यार झाले. आपल्याकडे मात्र या माणसाला निःशस्त्र ठेवले, निरक्षर ठेवले आणि हे सारे तुझ्या कर्माचेच फळ आहे असेही पढवले.

म्हणजे हत्याराचा प्रश्न बाबासाहेबांना ठाऊक नव्हता असे नाही. तो त्यांच्याइतका खोलवर पाहणारा दुसरा माणूस त्या काळात क्वचितच सापडेल.

कोरेगाव ते बेळगाव

१ जानेवारी १८१८ रोजी भीमा नदीच्या काठी कोरेगावला लढाई झाली. कॅप्टन स्टॉन्टनच्या हाताखालच्या कंपनीच्या लहानशा फौजेने दुसऱ्या बाजीरावाच्या कितीतरी मोठ्या सैन्याशी दिवसभर झुंज दिली. तिथल्या विजयस्तंभावर कोरलेल्या नावांत 'नाक' हे पद लागलेली आपली २२ नावे आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी तिथे जाऊन मानवंदना दिली, हे आपल्या घराघरात माहीत आहे.

पण त्या सैन्यातून आपल्याला मिळाले काय, हे मात्र फार थोडे सांगतात. कोणी म्हणेल बंदूक मिळाली. खरी मिळकत वेगळीच होती. पलटणीत शाळा होती. शिपायांच्या मुलांना, मुलींनासुद्धा, तिथे अक्षर शिकवले जाई. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. बाबासाहेबांचा जन्मही १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीतच झाला. ज्या गावात आपल्या सावलीचाही विटाळ होत होता त्याच देशाच्या बराकीत आपली पोरे पाटी-पेन्सिल घेऊन बसत होती. बंदुकीपाठोपाठ पुस्तक घरात आले आणि खरे काम पुस्तकाने केले.

मग एक दिवस हे दार बंद झाले. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी सैन्याची फेरमांडणी केली. पुढे 'लढवय्या जाती' नावाची कल्पना निघाली. सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स हे तिचे मोठे पुरस्कर्ते. अमक्या जाती जन्माने शूर, तमक्या जाती जन्माने भेकड, असे कागदावर ठरले आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांची नावे इंग्रजांनीच कोरली त्यांच्या नातवंडांना इंग्रजांनीच सांगितले, की तुम्ही लढवय्ये नाही! साहेबाने इथे येऊन दुसरे काही शिकले की नाही कोण जाणे, मनूचा धडा मात्र बरोबर गिरवला.

या अन्यायाविरुद्ध पहिला आवाज उठवला तोही पलटणीतल्याच माणसाने. दापोलीचे निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ च्या सुमारास अनार्य दोष परिहारक मंडळीच्या वतीने भरती पुन्हा सुरू करण्यासाठी अर्ज तयार केला. त्यानंतर पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९०३ साली सासवडला सभा भरवली आणि १९१० साली थेट विलायतेला भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली आणि गरज संपताच १९२१ साली मोडण्यात आली. शेवटी दुसऱ्या महायुद्धात, बाबासाहेबांच्या प्रयत्नांना यश येऊन, १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची स्थापना झाली. पुढे १९४६ साली ती मशिनगन रेजिमेंट झाली. तिच्या बिल्ल्यावर आजही दोन मशिनगना आहेत.

या सगळ्या अर्जांत आपल्या माणसांनी मागितले काय, तर देशाच्या फौजेत बरोबरीने उभे राहण्याचा मान. घरात बंदूक ठेवू द्या, अशी मागणी त्यांत नव्हती. दोन्हींत फरक आहे आणि हा सारा लेख त्या फरकाविषयीच आहे.

सगळ्या देशाची हत्यारबंदी

इकडे आपली भरतीची लढाई चालू असताना सगळ्या देशाचीच एक तक्रार होती. १८७८ साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या काळात शस्त्र कायदा झाला. हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगता येणार नाही, गोऱ्या माणसाला मात्र सूट. कायद्यात रंगभेद उघड उघड होता. काँग्रेसच्या अधिवेशनांत त्याविरुद्ध वारंवार ठराव झाले. अहिंसेचे उपासक गांधीजी, त्यांनीसुद्धा १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीचा प्रचार करताना या कायद्यावर कडक टीका केली होती. १९३१ च्या कराची अधिवेशनात मूलभूत हक्कांचा जो ठराव झाला, त्यात नियमांना धरून शस्त्र बाळगण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला राहील, असे एक कलमच होते.

ही तक्रार खोटी नव्हती. परक्या राजाने प्रजेला निःशस्त्र करणे म्हणजे तिला कायमचे भित्रे करणे. पण आपल्या बाजूने पाहिले तर आणखी एक प्रश्न उभा राहतो. इंग्रजाने देशाला साठ-सत्तर वर्षे निःशस्त्र केले म्हणून देश संतापला, ते योग्यच झाले. पण देशाने आपल्याच एका भागाला शेकडो वर्षे निःशस्त्र ठेवले त्याचा संताप कोणाला आला? त्याचा ठराव कोणत्या अधिवेशनात झाला?

डिसेंबर १९४८ चे ते दिवस

आता आपण त्या पोराच्या प्रश्नापाशी आलो. घटना समितीत मसुद्यावर कलमवार चर्चा चालू होती. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी अस्पृश्यता नष्ट करणारे कलम मंजूर झाले. त्यानंतर दोनच दिवसांनी, १ आणि २ डिसेंबरला, भाषणस्वातंत्र्य, सभास्वातंत्र्य वगैरे हक्कांच्या कलमावर चर्चा आली. त्या वेळी हरि विष्णु कामत यांनी दुरुस्ती सुचवली, की कायद्याच्या नियमांना अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही यात घाला. कामत हे आय. सी. एस. ची नोकरी सोडून सुभाषबाबूंच्या पक्षात गेलेले, स्वच्छ मनाचे देशभक्त. त्यांनी कराचीच्या ठरावाची आठवण करून दिली.

उत्तर द्यायला बाबासाहेब उभे राहिले. त्यांनी कामतांची टर उडवली नाही. शस्त्र कायद्याबद्दलचा राग समजण्यासारखा आहे हे त्यांनी मान्य केले. पण सरसकट सगळ्यांना हा हक्क मूलभूत म्हणून दिला तर चोर, दरोडेखोर, सराईत गुन्हेगारसुद्धा त्याच कलमावर बोट ठेवून हत्यार मागतील, ही अडचण त्यांनी दाखवली. आणि मग त्यांनी जे सांगितले ते आपण सगळ्यांनी मनात कोरून ठेवावे असे आहे. त्याचा आशय असा, की आपण आग्रह धरायचा तो व्यक्तीच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा नव्हे, तर शस्त्र धरण्याच्या कर्तव्याचा. देशावर युद्ध आले, राज्याची स्थिरता धोक्यात आली, तर प्रत्येक नागरिकाला संरक्षणासाठी बोलावण्याचा अधिकार राज्याला असला पाहिजे, आणि ही तरतूद आपण मसुद्याच्या १७ व्या कलमात करून ठेवली आहे. कामतांची दुरुस्ती फेटाळली गेली.

आता तुम्ही म्हणाल, अहो, कर्तव्य तर आपल्या आज्या-पणज्यांनाही होतेच की! वेसकराने काठी घेऊन राखणच केली. मग बाबासाहेबांनी पुन्हा कर्तव्यच कसे सांगितले?

याचे उत्तर त्यांनी उल्लेखलेल्या त्या १७ व्या कलमात आहे. आजच्या घटनेत ते २३ वे कलम आहे. ते दुसऱ्याच दिवशी, ३ डिसेंबरला, चर्चेला आले. त्याचा पहिला भाग सांगतो, वेठबिगार बंद. शतकानुशतके महारकीच्या नावाने आपल्याकडून जे फुकट राबवून घेतले ते गुन्हा ठरले. आणि दुसरा भाग सांगतो, की सार्वजनिक कामासाठी राज्य सक्तीची सेवा लादू शकेल, पण तसे करताना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग या कारणाने कोणातही भेद करता येणार नाही. इथे सगळी किल्ली आहे. जुने कर्तव्य एकट्या महाराच्या डोक्यावर होते आणि त्याच्या बदल्यात हक्क नव्हता. नवे कर्तव्य ब्राह्मणाच्या, मराठ्याच्या, महाराच्या, सगळ्यांच्या डोक्यावर सारखे, आणि बदल्यात हक्कही सारखा. आठवड्याच्या आत घटना समितीने अस्पृश्यता संपवली, खाजगी हत्याराचा हक्क नाकारला आणि वेठ बंद केली. या तीन गोष्टी सुट्या सुट्या वाचल्या तर कळत नाहीत, एकत्र वाचल्या की अर्थ उलगडतो.

महार रेजिमेंटचेच पहा. १९८७ साली श्रीलंकेत धारातीर्थी पडून परमवीर चक्र मिळवणारे मेजर रामस्वामी परमेश्वरन या रेजिमेंटचे. जन्माने ते महार नव्हते. नाव महारांचे आणि त्या नावाखाली देशभरातल्या जातीजमातींचे जवान! कर्तव्य जातीवरून सुटले म्हणजे काय होते, ते याहून वेगळे काय सांगायचे?

अमेरिकेचा दाखला

पोराने अमेरिकेचे नाव काढले होते, म्हणून तिकडेही पाहू. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते, त्यामुळे तो देश आपल्याला अगदीच परका नाही. अमेरिकेच्या घटनेतली दुसरी दुरुस्ती १७९१ सालची. शस्त्र बाळगण्याचा लोकांचा हक्क मोडू नये, असे ती सांगते. पण 'लोक' म्हणजे कोण? १८५७ साली ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या माणसाला नागरिक मानायला नकार दिला. सरन्यायाधीश टॅनी यांनी दिलेल्या कारणांत हेही होते, की यांना नागरिक मानले तर यांना हवे तिथे शस्त्र घेऊन फिरण्याचाही हक्क द्यावा लागेल! गुलामगिरी गेल्यावर १८६५ साली मिसिसिपी राज्याने कायदा केला, की मुक्त झालेल्या काळ्या माणसाने परवान्याशिवाय बंदूक ठेवू नये. पुस्तकात हक्क सगळ्यांचा, व्यवहारात तो गोऱ्यांचा. आपल्याला हे ऐकून नवल वाटणार नाही.

त्यामुळे तिथल्या काळ्या समाजातही हाच प्रश्न पेटला. १८९२ साली, म्हणजे आपली भरती बंद होत होती त्याच सुमारास, आयडा बी. वेल्स या काळ्या पत्रकार बाईंनी लिहिले, की आमच्या प्रत्येक घरात रायफलीला मानाची जागा हवी. त्या काळी जमाव काळ्या माणसांना झाडाला लटकवून मारीत होते आणि पोलीस बघत राहत. अशा वेळी हे लिहिणाऱ्या बाईंना आपण दोष देऊ शकत नाही. पुढे १९६६ साली ऑकलंडमध्ये ब्लॅक पँथर पक्ष निघाला. त्याची माणसे कायद्यात बसेल अशा रीतीने बंदुका घेऊन रस्त्यावर पोलिसांवर लक्ष ठेवीत. तेव्हा काय झाले? बंदुकीच्या हक्काचा एवढा डांगोरा पिटणाऱ्या त्या देशात, कॅलिफोर्नियात, १९६७ साली भरलेली बंदूक घेऊन रस्त्यावर फिरायला बंदी घालणारा कायदा झाला. हत्यार काळ्या हातात दिसताच कायदा बदलला! १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आदी तरुणांनी दलित पँथर उभारली ती याच पँथरचे नाव घेऊन. पण आपल्या पँथरांनी नाव घेतले, बंदूक घेतली नाही. त्यांचा मारा लेखणीचा, सभेचा आणि मोर्च्याचा होता.

आणखी एक गोष्ट सांगतो. ३० जानेवारी १९५६ रोजी माँटगोमेरी शहरात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. घरात बायको आणि तान्ही मुलगी होती. किंग यांनी बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज केला, तो नामंजूर झाला. मग नवरा-बायकोने बसून विचार केला आणि घरात होते तेवढे एक हत्यारही काढून टाकले. त्यांना मरणाची भीती नव्हती असे नाही; पण बंदूक घरात आली की मन सारखे बंदुकीभोवती फिरत राहते हे त्यांनी ओळखले.

आज त्या देशात काय चालले आहे? २०२१ या एका वर्षात तिथे बंदुकीने सुमारे ४८,८०० माणसे मेली आणि त्यात निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. म्हणजे शत्रूसाठी आणलेली बंदूक बहुतेक वेळा घरातल्याच माणसावर चालली. रात्री नवरा-बायकोचे भांडण, पोराचा परीक्षेतला नापास, दारूच्या अंमलातला राग, हे कोणत्या घरात नसते? अशा घरात कपाटात भरलेली बंदूक असेल तर काय होईल, याचा विचार आपल्या आयाबहिणींनी करावा. त्यांना तो पुरुषांपेक्षा लवकर कळेल.

हक्क कशाला म्हणावे?

आता थोडे तत्त्वज्ञान. घाबरू नका, सोपेच आहे. हक्क दोन प्रकारचे. एक कायद्याने दिलेला, दुसरा माणूस म्हणून असलेला. २० मार्च १९२७ ला आपण महाडच्या चवदार तळ्यावर पाणी प्यालो ते काही उपकार म्हणून नव्हे. समाजाने नाकारला तरी तो हक्क होताच. याला नैतिक हक्क म्हणायचे.

मग बंदूक ठेवणे हा असा नैतिक हक्क आहे का? माझ्या अल्पमतीला एक कसोटी सुचते. जो हक्क सगळ्यांनी एकदम बजावला तरी कोणाचे काही बिघडत नाही, तो खरा मूळचा हक्क. मी तळ्याचे पाणी प्यालो म्हणून शेजाऱ्याची तहान वाढत नाही. मी शाळेत गेलो म्हणून कोणी अडाणी होत नाही. पण मी बंदूक आणली की शेजाऱ्याला भीती वाटते, तो दोन आणतो, मग मला तीन लागतात. ज्याच्याकडे पैसा जास्त, जमीन जास्त, माणसे जास्त, त्याच्याकडे बंदुका जास्त. गावात आपली घरे किती आणि त्यांची किती? खुल्या हत्याराच्या शर्यतीत दुबळा कधीच जिंकत नाही. बाबासाहेबांनी हे पुरेपूर ओळखले होते असे मला वाटते.

म्हणून मूळ हक्क आहे तो जीव वाचवण्याचा, निर्भयपणे जगण्याचा. बंदूक हे एक साधन झाले, आणि तेही धोक्याचे. जीव वाचवण्याचा हक्क आपल्या कायद्याने मानलेलाच आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत ९६ ते १०६ ही कलमे आत्मसंरक्षणाची होती, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती ३४ ते ४४ आहेत. अंगावर धावून आलेल्याला गरजेपुरते बळ वापरून रोखणे हा गुन्हा नाही, मग तो कोणत्याही जातीचा असो.

मग आपल्या माणसांचे काय?

पण पोराचा खरा सवाल अजून बाकी आहे. राज्य रक्षण करील म्हणता, आणि केले नाही तर? १ डिसेंबर १९९७ च्या रात्री बिहारमध्ये लक्ष्मणपूर-बाथे गावात बंदूकधारी टोळीने ५८ दलितांना ठार मारले. त्यात बाया होत्या, लेकरे होती. २०१३ साली पाटणा उच्च न्यायालयात सगळे आरोपी सुटले. हे वाचून रक्त तापणार नाही असा कोण आहे? मी त्या पोराला गप्प बसवू शकत नाही ते यामुळेच.

पण हेही त्याला सांगायचे आहे, की आपला कायदा याबाबतीत आंधळा नाही. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली १९९५ साली नियम झाले. त्यातला तिसरा नियम किती जणांनी वाचला आहे? त्यात म्हटले आहे, की जिथे अत्याचाराचा धोका आहे तिथे सरकारने अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे शस्त्रपरवाने रद्द करावेत, बेकायदा बंदुका जप्त कराव्यात, आणि आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना संरक्षणासाठी शस्त्रपरवाने द्यावेत. क्रम बघा. आधी दांडग्याच्या हातातले हत्यार काढा, ते जमले नाही तरच दुबळ्याच्या हातात द्या. त्याच नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता समिती दर तीन महिन्यांनी बसली पाहिजे आणि गुन्ह्याचा तपास पोलीस उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याने करता कामा नये. ही बैठक होते का, हे विचारायला बंदूक लागत नाही. एक अर्ज लागतो आणि तो लिहिणारा शिकलेला माणूस लागतो.

महाडला तेच झाले. पाणी पिऊन परतणाऱ्या आपल्या लोकांवर सनातन्यांनी हल्ला केला, डोकी फुटली. त्या गर्दीत पहिल्या महायुद्धात लढून आलेले पेन्शनर होते. बाबासाहेबांनी नुसती खूण केली असती तर महाडात रक्ताचे पाट वाहिले असते. त्यांनी सगळ्यांना आवरले आणि फिर्याद दिली, खटला चालला, काही हल्लेखोरांना शिक्षाही झाली. आवरणारा भित्रा नव्हता आणि आवरले गेलेलेही भित्रे नव्हते. ज्याच्या अंगात ताकद आहे त्यानेच हात आवरला तर त्याला संयम म्हणतात.

धम्म याहून वेगळे सांगत नाही. पंचशीलातले पहिले शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे. उपासकाने करू नयेत अशा पाच व्यापारांत भगवंतांनी हत्यारांचा व्यापार घातला आहे. तरीही बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात स्पष्ट केले आहे, की बुद्धाची अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नाही. मारण्याची हौस वेगळी आणि मारण्याची गरज वेगळी. सैनिकाची, पोलिसाची गरज समाजाला असते. पण हौस नको!

आणि सध्या हौसच वाढते आहे. वाढदिवसाला तलवारीने केक कापायचा, हत्यार घेऊन फोटो काढायचा, तो मोबाईलवर फिरवायचा. मग शस्त्र कायद्याखाली गुन्हा, आणि पुढे पोलीस भरतीला, सरकारी नोकरीला, पासपोर्टला तेच आडवे येते. ज्या भरतीसाठी वलंगकर आणि कांबळे यांनी अर्जावर अर्ज केले, तिचे दार आपल्याच हाताने बंद करायचे? घटनेने आपल्याला एकत्र जमण्याचा हक्क दिला तो शांततेने आणि शस्त्रांवाचून. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत हे आपण पाळले पाहिजे.

हवालदार बाबांना मी नंतर घरी जाऊन भेटलो. म्हटले, "बाबा, त्या दिवशी तुम्ही हसलात का?" ते म्हणाले, "अरे, वीस वर्षं बंदूक खांद्यावर होती, पण ती माझी कधी नव्हती. संध्याकाळ झाली की कोतात जमा. नंबर लिहायचा, सही करायची. एक गोळी कमी आली तर जबाब द्यावा लागायचा. देशाची वस्तू ती. पेन्शनवर आलो तेव्हा रिकाम्या हातानं आलो आणि त्या पैशातून तीन पोरं शिकवली. आता सांग, माझं हत्यार कुठलं?"

त्यांच्या घराच्या भिंतीवर मुलीचा पदवीदानाचा फोटो आहे. त्या तरुणाला मी येत्या रविवारी तिकडे घेऊन जाणार आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!